आद्रियान मुतू: गोल, बंदी आणि 1 कोटी 71 लाख युरो – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2015 च्या मोसमात बालेवाडीला एक रोमानियन फॉरवर्ड खेळून गेला. तेव्हापासून त्याच्याबद्दलचे प्रश्न काही थांबत नाहीत. निम्म्या प्रश्नांत कोकेन असतं आणि उरलेल्यांत "तो दंड". दर वेळी तेच पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून सगळं एका जागी मांडलंय. प्रश्न लोकांनी विचारले त्याच भाषेत ठेवलेत, फक्त इमोजी गाळले आहेत. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिलाय, तो पाहावा.

1. हा मुतू नक्की कोण? थोडक्यात सांगा.

आद्रियान मुतू, जन्म 8 जानेवारी 1979, गाव कलिनेश्ती, जिल्हा आर्जेश, रोमानिया. आघाडीचा खेळाडू. गिओर्गे हागीनंतर रोमानियाने दिलेला सर्वांत गुणी फुटबॉलपटू असं त्याच्याबद्दल म्हटलं जायचं आणि माझ्या मते ते खरंही होतं. त्याच्या देशात त्याला 'ब्रिलियांतुल' म्हणत, म्हणजे हिरा. रोमानियाचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू हा मान त्याला चारदा मिळाला: 2003, 2005, 2007 आणि 2008. 2003 नंतर थेट 2005, मधलं 2004 गायब. ते का, हे प्रश्न 6 मध्ये.

2. नाव मराठीत कसं लिहायचं? मुटू, मुतु की मुतू?

रोमानियन उच्चारात त दाताचा असतो, तेव्हा 'मुतू' जवळचं. मराठी कानाला त्यात काय ऐकू येतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो विनोद 2015 मध्ये बालेवाडीच्या स्टँडमध्ये पहिल्याच आठवड्यात करून झाला, आता पुरे.

3. कुठल्या कुठल्या क्लबांकडून खेळला? क्रमाने हवंय.

सुरुवात घरच्या आर्जेश पितेश्तीकडून, 1996 च्या सुमारास. जानेवारी 1999 मध्ये राजधानीतलं दिनामो बुखारेस्ट. तिथे 1999-2000 च्या मोसमाच्या पहिल्या अर्ध्यात त्याने लीगच्या 18 सामन्यांत 18 गोल केले. असं केल्यावर इटलीतून फोन येणारच. मोसम संपायच्या आत, जानेवारी 2000 मध्ये, तो मिलानच्या इंटरकडे गेला. इंटरला त्याची गरज कमी आणि हौस जास्त होती, त्यामुळे तिथे तो फारसा खेळला नाही.

पुढे 2000 ते 2002 वेरोना, 2002-03 पार्मा, 2003-04 चेल्सी, 2005-06 युव्हेंटस, 2006 ते 2011 फिओरेन्टिना, 2011-12 चेसेना. मग फ्रान्समधलं अझाक्सिओ, 2014 च्या पहिल्या सहा महिन्यांत रोमानियातलं पेट्रोलुल प्लोएश्ती, 2015 मध्ये एफसी पुणे सिटी, आणि 2016 मध्ये तर्गु मुरेशच्या एएसए क्लबकडून काही महिने. तिथेच बूट टांगले.

4. स्ट्रायकर होता की विंगर? व्हिडिओत तर सगळीकडेच दिसतो.

व्हिडिओ बरोबर आहे. तो गोलपोस्टसमोर ठाण मांडणारा नऊ नंबर नव्हता. मुख्य स्ट्रायकरच्या जरा मागे नाहीतर डावीकडे उभा राहायचा आणि चेंडू घेऊन आत घुसायचा. पाय मुख्यतः उजवा, पण डाव्याने मारताना त्याला कधी विचार करावा लागला नाही. जोडीला फ्री किक आणि पेनल्टी.

त्यामुळे शेजारी दांडगा सेंटर फॉरवर्ड असला की मुतू खुलायचा. पार्मात शेजारी ब्राझीलचा आद्रियानो होता, फिओरेन्टिनात लुका टोनी. हे जोडीदार बचावपटूंना अंगावर घेत आणि मधल्या मोकळ्या जागेत हा पळे. 2006-07 मध्ये टोनी आणि मुतू दोघांनीही लीगमध्ये बरोबर 16-16 गोल केले, यावरून कामाची वाटणी किती सारखी होती ते कळतं.

5. इटलीत 100 च्या वर गोल केले म्हणतात. हिशेब जुळतो का? मला तर कमी वाटतात.

जुळतो. फक्त सेरी आ मधले, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या लीगमधले धरायचे. इंटरकडून 0. वेरोनाकडून दोन मोसमांत 4 आणि 12, म्हणजे 16. पार्माकडून एकाच मोसमात 31 सामन्यांत 18. युव्हेंटसकडून 7. फिओरेन्टिनाकडून 16, 17, 13, 4 आणि 4, एकूण 54. चेसेनाकडून 8. बेरीज 103.

तुम्हाला कमी वाटतात कारण बहुतेक लोक वेरोना विसरतात. तो वेरोनाचा संघ म्हणजे एक मजाच होती. मुतू, जिलार्दिनो, कामोरानेसी आणि ओद्दो एका संघात, आणि तो संघ 2002 मध्ये खालच्या श्रेणीत घसरला! यातले शेवटचे तिघे चार वर्षांनी इटलीबरोबर विश्वविजेते झाले.

6. चेल्सीत नेमकं बिघडलं कुठे? सुरुवात तर जोरात होती ना?

जोरात म्हणजे फारच. 2003 च्या उन्हाळ्यात रोमान अब्रामोविचने चेल्सी विकत घेतलं आणि बाजारात गेल्यासारखे खेळाडू उचलले: वेरॉन, क्रेस्पो, माकेलेले, जो कोल, डफ. त्याच फेरीत पार्माला 1 कोटी 58 लाख पौंड देऊन मुतूही आला. पहिल्याच सामन्यात लेस्टरविरुद्ध गोल, मग ब्लॅकबर्नविरुद्ध एक, मग टॉटनहॅमविरुद्ध दोन. तीन सामन्यांत चार गोल. पण अख्ख्या चेल्सी कारकिर्दीत लीगमधले त्याचे गोल किती, तर 6. म्हणजे त्या तीन सामन्यांनंतर उरले फक्त दोन.

काय झालं, तर फॉर्म गेला, लंडनची रात्र सापडली, आणि 2004 मध्ये प्रशिक्षक रानिएरी जाऊन जोझे मोरिन्हो आला. मोरिन्होच्या संघात त्याला जागा नव्हती. ऑक्टोबर 2004 मध्ये दोघांचं जाहीर वाजलं. मुतूला रोमानियाकडून चेक प्रजासत्ताकाविरुद्ध खेळायला जायचं होतं, आणि चेल्सीचं म्हणणं होतं की तो जखमी आहे. त्याच महिन्यात त्याच्या लघवीच्या नमुन्यात कोकेन सापडल्याचं बाहेर आलं आणि महिना संपायच्या आत क्लबने गंभीर गैरवर्तन म्हणून करार तोडला.

त्याने मुद्दाम काही केलं नाही, त्याला अडकवलं, असं लिहून पाठवणारेही आहेत. तसं काही नाही. कोकेन घेतल्याचं त्याने स्वतः कबूल केलं होतं.

7. बंदी किती महिन्यांची होती? कोणी 7 सांगतं, कोणी 9.

दोघेही बरोबर, कारण बंद्या दोन आहेत. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने नोव्हेंबर 2004 मध्ये कोकेनसाठी 7 महिन्यांची बंदी आणि 20,000 पौंड दंड लावला. ती 18 मे 2005 ला संपली. 9 महिन्यांची बंदी इटलीतली, 2010 ची, पदार्थ वेगळा, गोष्ट वेगळी. ती प्रश्न 17 मध्ये.

हा 20,000 पौंडांचा आकडा लक्षात ठेवा. 'दंड' म्हणता येईल तो एवढाच. मोठ्या आकड्याचं नाव वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न 11 पाहा.

8. बंदी चालू असताना युव्हेंटसने त्याला घेतलाच कसा? आणि मध्येच लिव्होर्नो कुठून आलं?

बंदी खेळण्यावर असते, करारावर नसते. काढून टाकलेला खेळाडू मोकळा असतो, कोणीही घ्यावा. युव्हेंटसने हिशेब केला: चार महिने थांबायचं, पगार द्यायचा, आणि एक उत्तम फॉरवर्ड बदलीच्या पैशाविना मिळवायचा.

अडचण निराळीच निघाली. रोमानिया युरोपीय संघात आला 2007 मध्ये. त्याआधी रोमानियन खेळाडू हा इटालियन क्लबांसाठी युरोपीय संघाबाहेरचा परदेशी, आणि बाहेरून असे खेळाडू आणायला कोटा ठरलेला. युव्हेंटसचा कोटा भरला होता, लिव्होर्नोकडे जागा होती. म्हणून जानेवारी 2005 मध्ये मुतू कागदावर लिव्होर्नोचा झाला आणि त्याच महिन्यात युव्हेंटसकडे वळवला गेला. लिव्होर्नोकडून तो एक मिनिटही खेळला नाही. एकाच्या दाखल्यावर दुसऱ्याने प्रवेश घ्यावा तसं. पण त्या दाखल्याची किंमत पुढे लिव्होर्नोच्या दारात उभी राहिली (प्रश्न 15).

9. मग इटलीची किती विजेतेपदं त्याच्या नावावर? मला दोन सापडतात, विकिपीडियावर भांडणं आहेत.

मैदानावर दोन, कागदावर शून्य. 2004-05 च्या अखेरीस बंदी संपल्यावर तो युव्हेंटसकडून खेळला, 2005-06 मध्ये तर नियमित खेळला, आणि दोन्ही वेळा युव्हेंटस पहिलं आलं. मग 2006 मध्ये पंच नेमणुकीतल्या साटेलोट्याचं काल्चोपोली प्रकरण फुटलं. पहिलं विजेतेपद रद्द झालं, दुसरं इंटरला दिलं गेलं, आणि युव्हेंटसची रवानगी दुसऱ्या श्रेणीत झाली. यात मुतूचा काही हात नव्हता. त्याच्या आयुष्यात त्याने न केलेल्या चुकीची शिक्षा बहुधा एवढी एकच.

रोमानियात दिनामोने 1999-2000 ची लीग जिंकली, आणि अर्धा मोसम तोच ओढत होता.

10. त्याची सर्वांत चांगली वर्षं कुठली? चेल्सी की युव्हेंटस?

दोन्ही नाहीत. फिओरेन्टिना, 2006 ते 2009. या प्रश्नाला मी मुद्दाम जागा देतोय, कारण कोकेनच्या गोष्टीत हा भाग हरवतो.

2006 च्या उन्हाळ्यात युव्हेंटस घसरल्यावर फिओरेन्टिनाने त्याला 80 लाख युरोंना घेतलं. प्रशिक्षक होता चेझारे प्रांदेल्ली, ज्याच्या हाताखाली त्याने पार्मात 18 गोल मारले होते. प्रांदेल्लीने त्याला 10 नंबरचा शर्ट दिला आणि मोकळं सोडलं. फिओरेन्टिनाही काल्चोपोलीत अडकलं होतं. 2006-07 मध्ये त्यांचे 15 गुण कापले गेले, ते भरून काढायलाच पाच विजय लागणार होते. तरी संघ सहावा आला.

पुढच्या वर्षी टोनी बायर्न म्युनिकला गेला. आता मुतूचं काय होणार अशी चर्चा सुरू झाली. मुतूने 17 गोल केले, संघ चौथा आला. त्याच मोसमात यूएफा कपच्या उपांत्यपूर्व फेरीत आइंडहोवेनला जाऊन पीएसव्हीला 2-0 हरवलं, दोन्ही गोल मुतूचे. उपांत्य फेरीत मात्र ग्लासगोच्या रेंजर्सने पेनल्टींवर घालवलं.

म्हणजे चेल्सीने 25 व्या वर्षी ज्याला मोडीत काढलं, त्याचं उत्तम फुटबॉल त्यानंतर दोन-चार वर्षांनी आलं. संपलेला खेळाडू म्हणून त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी हे तीन मोसम पाहिलेलेच नसतात.

11. मुतूला 1.71 कोटी युरो दंड चेल्सीला भरायची शिक्षा झाली, हे खरं का? एका चुकीसाठी एवढा दंड?

रक्कम खरी, शब्द चुकीचा. ही भरपाई आहे. नेमका आकडा 1 कोटी 71 लाख 73 हजार 990 युरो. दंड हा शिक्षा म्हणून लागतो आणि संघटनेच्या तिजोरीत जातो. भरपाई ही करार मोडल्याने समोरच्याचं जे नुकसान झालं तेवढी, आणि ती त्यालाच द्यायची. कोकेनसाठीची शिक्षा वेगळी होऊन गेली होती (प्रश्न 7).

त्यामुळे "एवढ्याशा चुकीला एवढा दंड" हा युक्तिवाद इथे लागूच होत नाही. चूक केवढी हे कोणी मोजलंच नाही. खेळाडू केवढ्याला घेतला होता हे मोजलं.

12. बरं, भरपाई. पण हा आकडा काढला कसा?

हे आमच्या वाणिज्य शाखेच्या वाचकांसाठी. कोणी मशीन घेतलं की त्याची किंमत वापराच्या वर्षांवर पसरून दर वर्षी थोडी थोडी खर्ची टाकतात, अगदी तसंच फुटबॉल क्लब खेळाडूचं करतात. मुतूची खरेदी युरोत 2 कोटी 25 लाखांची. करार पाच वर्षांचा, जून 2008 पर्यंत, म्हणजे 60 महिने. महिन्याला पडले 3 लाख 75 हजार. ऑक्टोबर 2004 च्या अखेरीस करार तुटला तेव्हा उरले होते 44 महिने. 44 गुणिले 3 लाख 75 हजार, झाले 1 कोटी 65 लाख. वरची लहान रक्कम त्या खरेदीच्याच इतर खर्चांची.

यात एक विचित्र गोष्ट आहे. तो पार्माकडून 50 लाखांना आला असता तर तीच चूक त्याला चौपट स्वस्तात पडली असती.

13. एक मिनिट. करार तर चेल्सीने तोडला, त्याला त्यांनीच काढलं. मग भरपाई त्यांना कशी?

हा सगळ्यांत चांगला प्रश्न, आणि मुतूच्या वकिलांचा मुख्य मुद्दाही जवळपास हाच. उत्तर असं मिळालं: काढायची पाळी आणली ती खेळाडूच्या गंभीर गैरवर्तनाने, तेव्हा योग्य कारणाविना करार मोडला तो त्यानेच. पत्र कोणी पाठवलं याला महत्त्व नाही.

मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही. चेल्सीला त्याला ठेवून घेता आलं असतं, सात महिन्यांनी खेळवता आलं असतं, विकताही आलं असतं. मोरिन्होला तो नको होता हे उघड होतं. क्लबने नको असलेला माल टाकला आणि त्याची राहिलेली किंमतही मागितली, असं कोणी म्हटलं तर मी फार वाद घालणार नाही. पण निकाल निकाल आहे, आणि तो एकदा नाही, अनेक ठिकाणी टिकला.

14. केस कुठे कुठे फिरली? तारखांसकट द्या, डोकं चक्रावतं.

एप्रिल 2005 मध्ये प्रीमियर लीगच्या अपील समितीने ठरवलं की करार मुतूने मोडला. डिसेंबर 2005 मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने त्याचं अपील फेटाळलं. इथवर फक्त दोष कोणाचा एवढंच ठरलं होतं, पैशाचं नाही.

2006 मध्ये चेल्सी पैशासाठी फिफाकडे गेलं. फिफाची वाद निवारण समिती आधी म्हणाली, हे आमच्या कक्षेत नाही. चेल्सी लवादाकडे गेलं, लवाद म्हणाला आहे. मग मे 2008 मध्ये फिफाने तो 1.71 कोटींचा आकडा ठरवला. 31 जुलै 2009 ला लवादाने तो कायम केला. जून 2010 मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने मुतूचा अर्ज फेटाळला. स्वित्झर्लंड का, तर लवाद लोझानला बसतो, त्यामुळे त्याच्या निकालाविरुद्ध दाद तिथल्याच न्यायालयात. तिथून पुढे स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवी हक्क न्यायालय, ते प्रश्न 16 मध्ये.

तारखा लावून पाहा. ज्या उन्हाळ्यात तो युरो 2008 खेळत होता त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर हा आकडा त्याच्या नावावर चढला.

15. शेवटी युव्हेंटस आणि लिव्होर्नोला पैसे भरावे लागले, असं वाचलं. खरं का?

तुम्ही 2013 ची बातमी वाचली. त्यानंतरची वाचली नाही.

फिफाच्या नियमांत एक तरतूद होती: खेळाडू करार मोडून गेला आणि भरपाई देत नसेल, तर त्याला घेणारा नवा क्लबही जबाबदार. तिचा आधार घेऊन 2013 मध्ये फिफाच्या समितीने लिव्होर्नो आणि युव्हेंटस या दोघांना मुतूबरोबर बांधलं. जानेवारी 2015 मध्ये क्रीडा लवादाने हा निर्णय रद्द केला. कारण साधं होतं: ही तरतूद खेळाडू पळवणाऱ्या क्लबांसाठी आहे. इथे चेल्सीने त्याला आपण होऊन बाहेर काढला होता, कोणी पळवला नव्हता. दोन्ही क्लब सुटले, मुतू एकटा उरला.

प्रश्न 13 शी ताडून पाहिलं तर गंमत कळेल. मुतूकडून पैसे मागताना करार त्याने मोडला असं धरलं, आणि क्लबांना सोडताना चेल्सीने काढला असं. वकील मंडळी यात विसंगती नाही म्हणतात. असेल.

16. मानवी हक्क न्यायालयात तो जिंकला की हरला? केसच्या नावात पेश्टाइन कोण?

हरला. क्लाउडिया पेश्टाइन ही जर्मनीची स्पीड स्केटिंगपटू. दोघांची प्रकरणं वेगळी, पण तक्रार एकाच संस्थेबद्दल, क्रीडा लवादाबद्दल, म्हणून स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने एकत्र ऐकली आणि 2 ऑक्टोबर 2018 ला निकाल दिला.

मुतूचं म्हणणं होतं की त्याच्या लवाद मंडळातले दोघे निःपक्षपाती नव्हते. एक जण आधीच्या फेरीतल्या मंडळातही होता, आणि दुसऱ्याच्या वकिली फर्मचे चेल्सीच्या मालकाशी संबंध होते असा त्याचा आरोप. न्यायालयाने 5 विरुद्ध 2 मतांनी हे नाकारलं. पेश्टाइनचा एक मुद्दा मात्र मान्य झाला: तिची सुनावणी जाहीरपणे व्हायला हवी होती. क्रीडा कायदा शिकणाऱ्यांना हा निकाल वाचावाच लागतो. फुटबॉल न पाहणाऱ्या कित्येकांना मुतू हे नाव तिथूनच ठाऊक असतं.

17. दुसऱ्यांदा पकडला गेला तेही कोकेनच ना?

नाही. जानेवारी 2010 मध्ये फिओरेन्टिनाच्या दोन सामन्यांनंतरच्या नमुन्यांत सिब्युट्रामिन सापडलं. हे भूक मारणारं, वजन उतरवायचं औषध. योगायोग असा की त्याच महिन्यात युरोपच्या औषध नियामकांनी हृदयाला धोका म्हणून ते बाजारातून काढायची शिफारस केली. आपल्याकडे 2011 मध्ये त्यावर बंदी आली.

नशेसाठी कोणी ते घेत नाही. तरी यादीतला पदार्थ तो यादीतला पदार्थ, आणि आधीचा इतिहास पाठीशी. 9 महिने गेले, ऑक्टोबर 2010 च्या अखेरीपर्यंत. परत आल्यावर तो आधीचा मुतू राहिला नाही. त्या मोसमात 4 गोल.

18. हागीचा विक्रम मोडला का?

गाठला, मोडला नाही. दोघांचेही रोमानियासाठी 35 गोल. हागीला त्यासाठी 124 सामने लागले, मुतूला 77. अर्थात हागी मिडफिल्डर होता, तेव्हा ही तुलना हागीच्या चाहत्यासमोर करायची असेल तर दाराजवळ उभं राहून करावी. मुतूचा 35 वा गोल मार्च 2013 मध्ये हंगेरीविरुद्ध, पेनल्टीवर. छत्तिसावा का आला नाही ते प्रश्न 20 मध्ये.

19. बुफॉनने अडवलेली ती पेनल्टी कुठल्या सामन्यातली? तिने काय बदललं असतं?

13 जून 2008, झुरिक, युरो स्पर्धेतला गटसामना, इटलीविरुद्ध. गटात इटली, फ्रान्स, नेदरलँड्स आणि रोमानिया. रोमानिया घरी जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पहिल्या सामन्यात त्यांनी फ्रान्सला 0-0 रोखलं, आणि इटलीने नेदरलँड्सकडून 0-3 मार खाल्ला.

55 व्या मिनिटाला इटलीच्या झाम्ब्रोताने डोक्याने चेंडू मागे गोलरक्षक बुफॉनकडे ढकलला, पण तो कमी पडला. मुतू मध्ये शिरला आणि 1-0. जेमतेम एका मिनिटात पानुच्चीने बरोबरी केली. मग 80 मिनिटं उलटल्यावर रोमानियाला पेनल्टी मिळाली. मुतू आणि बुफॉन युव्हेंटसमध्ये एकाच संघात होते, सरावात एकमेकांना शेकडो वेळा पाहिलेलं. मुतूने मारला, बुफॉन झेपावला, चेंडू हाताला लागला, पायाला लागला आणि बाहेर गेला. मुतू दोन क्षण नुसता उभा होता.

तो गोल झाला असता तर दोन सामन्यांनंतर रोमानियाचे 4 आणि इटलीचा शून्य. विश्वविजेते तिथेच बाहेर. झालं उलटं: शेवटच्या सामन्यात रोमानिया नेदरलँड्सकडून 0-2 हरलं, इटलीने फ्रान्सला हरवलं आणि पुढे गेली. माझ्यासाठी मुतूची कारकीर्द कोकेनच्या नमुन्यापेक्षा या एका चेंडूत जास्त आहे, पण त्याबद्दल विचारणारे दहांत एक.

20. राष्ट्रीय संघातून मिस्टर बीनमुळे हाकललं, ही अफवा ना?

अफवा नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये रोमानिया विश्वचषक पात्रतेच्या प्लेऑफमध्ये ग्रीसकडून हरलं. त्यानंतर मुतूच्या फेसबुकवर प्रशिक्षक व्हिक्टर पित्सुर्का यांचा चेहरा मिस्टर बीनला जोडलेलं चित्र आलं. रोमानियन महासंघाने त्याला संघाची दारं कायमची बंद केली. त्यानंतर तो देशासाठी खेळला नाही, आणि 35 चा आकडा तिथेच थांबला.

याआधी ऑगस्ट 2011 मध्ये सान मारिनोविरुद्धच्या सामन्याच्या वेळी गाब्रिएल तामाशबरोबर दारू पीत बसल्याबद्दल दोघांना काढलं होतं, पण तेव्हा परत घेतलं. दोन डोपिंग प्रकरणं, मद्य, सगळं पचलं. शेवटी नडलं ते एक चित्र.

21. वर्ल्ड कपमध्ये किती गोल?

एकही सामना नाही. 1998 नंतर त्याच्या काळात रोमानिया विश्वचषकाला पात्रच ठरलं नाही. मोठ्या स्पर्धा दोनच, युरो 2000 आणि युरो 2008.

22. पुण्यात आला कसा? एवढा मोठा माणूस आणि बालेवाडी?

2015 मध्ये इंडियन सुपर लीगच्या प्रत्येक संघाला एक मार्की खेळाडू, म्हणजे पोस्टरवरचा मोठा चेहरा, घ्यावाच लागे. गोव्याकडे लुसिओ, दिल्लीकडे रॉबेर्तो कार्लोस, मुंबईकडे आनेल्का. एफसी पुणे सिटीने मुतूला घेतलं. त्याचं वय तेव्हा 36, आणि 2014 मध्ये पेट्रोलुल सोडल्यापासून तो क्लब फुटबॉल खेळलाच नव्हता. प्रशिक्षक होता इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट, संघात तुर्कीचा तुंजाय, आयव्हरी कोस्टचा झोकोरा.

धागे आणखी आहेत. 2014 च्या पहिल्या मोसमात पुणे सिटीचा भागीदार क्लब होता फिओरेन्टिना. आणि त्या वर्षीचा पुण्याचा मार्की खेळाडू डेव्हिड त्रेझगे, मुतूचा युव्हेंटसमधला सहकारी. तेव्हा तो काही नकाशावर बोट ठेवून आला नव्हता.

23. पुण्यात काही केलं की सुट्टीच घालवली? खरं सांगा.

4 गोल केले. संघ पहिल्या चारांत आला नाही, त्यामुळे उपांत्य फेरी नाही. वाईट म्हणता येत नाही, पण पोस्टरएवढंही नाही.

मी जे पाहिलं ते सांगतो. एका संध्याकाळी वॉर्मअपच्या वेळी मी कठड्याला टेकून उभा होतो. बाकीचे पळत होते. हा बॉक्सच्या बाहेर, डावीकडे, चार-पाच चेंडू ओळीने मांडून उभा. पोट थोडं सुटलेलं, दाढी वाढलेली. चेंडू हाताने फिरवून घ्यायचा, तीन पावलं मागे, आणि मारायचा, जोर न लावता. चेंडू वर जायचा आणि कोणीतरी दोरी ओढल्यासारखा वरच्या कोपऱ्याखाली खाली यायचा. मग पुढचा चेंडू. पाचवा मारून झाल्यावर तो गोळा करायला न जाता पाण्याची बाटली घेऊन बसला. माझ्या शेजारचे काका म्हणाले, "ह्याला पळायला सांगू नका, नुसतं मारू द्या." सामन्यातही बरंचसं तसंच होतं. पाय ऐकत नव्हते, पायाचं पाऊल मात्र तेच होतं.

तो क्लब आता उरला नाही. 2019 मध्ये पुणे सिटी बंद झालं आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. त्या मोसमाचा नारिंगी-जांभळा मफलर कोणाकडे असेल तर टाकू नका.

24. आता काय करतो?

प्रशिक्षक आहे, आणि नाव काढण्याजोगं काम 2021 मध्ये केलं. 21 वर्षांखालच्या युरो स्पर्धेत त्याचा रोमानिया नेदरलँड्स आणि जर्मनीच्या गटात होता. दोघांशी बरोबरी, हंगेरीवर विजय, एकही पराभव नाही. तिघांचेही 5 गुण झाले आणि रोमानिया बरोबरी सोडवायच्या नियमांत बाहेर पडलं. पुढे क्रायोवा, बुखारेस्टचं रॅपिड, अझरबैजानमधलं नेफ्तची, क्लुजचं सीएफआर असा त्याचा प्रवास झाला. एका ठिकाणी फार काळ टिकत नाही, ही सवय खेळाडू असतानाचीच.